खेळाची विकत शिकवणी



नामांकित व्यावसायिक खेळाडूच्या दोन दिवसांच्या शिबिराचे शुल्क भरावे काय, हा प्रश्न नारायण पेठेतील पालकांनाही पडतो. त्याचे उत्तर पुण्याच्याच क्रिकेटच्या इतिहासात आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाळू पालवणकर पूना क्लबात महिना चार रुपयांवर नोकरीस होते. मैदानाची निगा राखून ते इंग्रज सभासदांना सरावासाठी गोलंदाजी करीत. जे. जी. ग्रेग हे प्रत्येक वेळी बाद झाल्यावर त्यांस आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. ग्रेग यांनी विकत घेतला तो उपदेश नव्हे. आपला दोष उघडा पाडणारा चेंडू, आणि तोही दिवसेंदिवस. पालवणकरांना तेथे फलंदाजीची संधी मिळत नसे. परंतु त्या अखंड मेहनतीतूनच त्यांची गोलंदाजी घडली. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरांहून अधिक बळी घेतले.

तेव्हा शुल्क भरण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्या. मुलाच्या वाट्यास प्रत्यक्ष किती चेंडू येणार? आणि दाखविलेला दोष तो पुढे रोजच्या सरावाने घालविणार काय? तसे असेल, तर पैसा सत्कारणी लागला. एरवी आपण केवळ एका छायाचित्राची किंमत मोजली, असे समजावे.