गळा मोकळा करण्याच्या काही आडवाटा

स्वरयंत्र हे गळ्यात जिभेच्या मुळाशी असलेल्या, घोड्याच्या नालेसारख्या आकाराच्या एका लहान हाडाला पडद्याने व स्नायूंनी जोडलेले असते; या हाडाला कंठिकास्थी म्हणतात आणि ते शरीरातील दुसऱ्या कोणत्याही हाडाशी सांध्याने जोडलेले नसल्यामुळे, जीभ मागे ओढली गेली किंवा जबडा आवळला गेला की तो ताण थेट स्वरयंत्रापर्यंत पोहोचतो. ‘गळा सैल सोड’ ही सूचना शिष्याला पटते, पण पाळता येत नाही, याचे कारण हेच की या स्नायूंवर त्याची सरळ हुकमत चालत नाही. त्यांना दुसऱ्या कामात गुंतवावे लागते, आणि वरवर विचित्र वाटणाऱ्या अनेक पद्धतींचे मर्म तेथेच आहे.

त्यांतील सर्वांत उपयुक्त पद्धत नळीची होय. फिनलंडमध्ये आंत्ती सोविआर्वी यांनी काचेच्या नळीतून आवाज काढण्याचे व्यायाम रूढ केले, आणि पुढे अमेरिकेतील आवाजशास्त्रज्ञ इंगो टिट्झ यांनी साध्या स्ट्रॉच्या व्यायामामागील भौतिकशास्त्र उलगडून दाखवले. नळीमुळे ओठांपाशी वाट अरुंद होते, तोंडातील हवेचा दाब वाढून तो स्वरतंतूंवर मागे परततो, ते किंचित विलग राहतात आणि एकमेकांवर जोराने आदळत नाहीत. परिणामी कमी श्रमात स्वर उमटतो. नळीचे टोक पेल्यातील पाण्यात एक-दोन सेंटिमीटर बुडवून ‘ऊ’ लावला असता बुडबुडे एकसारखे आले तर श्वास स्थिर आहे असे समजावे, आणि ते अडखळले तर श्वास कुठेतरी अडतो आहे. नळीचे तोंड बोटाने बंद केल्यावरही आवाज चालू राहिला, तर हवा नाकातून निसटते आहे. हनुवटीखाली अंगठा ठेवून पाहावे; तेथील मांस कडक लागले तर जिभेचे मूळ अजून दाबलेलेच आहे.

जांभईच्या सुरुवातीला स्वरयंत्र खाली उतरते व घसा रुंदावतो, म्हणून अर्धी जांभई देऊन सुस्काऱ्यासारखा वरून खाली स्वर सोडण्याचाही प्रघात आहे. चावत-चावत आवाज काढण्याची एमिल फ्रोशेल्स यांची पद्धत जबड्यासाठी आहे.

आपल्याकडील खर्जसाधनेत, म्हणजे मंद्र सप्तकातील षड्ज दीर्घकाळ लावण्याच्या रियाजात, ओठ मिटून ‘म’कार गुंजवला तर नळीशी मिळतेजुळते कार्य घडते, कारण तेथेही आवाजाची वाट अरुंदच झालेली असते. मात्र आवाजाच्या नैसर्गिक मर्यादेखाली षड्ज रेटून नेला, तर जिभेचे मूळ स्वरयंत्राला खाली दाबते आणि हीच साधना गळा आवळणारी ठरते. शिष्याचा स्वर न तपासता एकाच पट्टीत सर्वांना खर्ज लावायला लावणे म्हणूनच चुकीचे आहे.

यांपैकी कोणताही व्यायाम रियाजापूर्वी पाच मिनिटे, हळू आवाजात करावा आणि वेदना होताच थांबवावा. आवाजाचा घोगरेपणा तीन-चार आठवडे टिकला, तर गायकाने नळी बाजूला ठेवून कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरतंतू तपासून घ्यावेत.