एकाच्या अपराधापायी घर बेघर करू नका



वस्तीत एखादा इसम दारू पिऊन धिंगाणा घालतो, मुलीबाळींची वाट अडवितो, रात्री-अपरात्री मारामाऱ्या करतो. मग चार माणसे अर्ज लिहितात, की हे घरच येथून हलवावे. त्या अर्जावर सही मागण्यास उद्या ती आपल्या दारीही येतील. सही करण्यापूर्वी आपण काय विचार करावा, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

शेजाऱ्यांचा त्रास खोटा असतो, असे मी मुळीच म्हणत नाही. कायद्यानेही तो मान्य केला आहे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १६ प्रमाणे, शेजाऱ्यांस उपद्रव देणाऱ्या भाडेकरूकडून घरमालकास ताबा मागता येतो; पण तो न्यायालयात आणि पुराव्यानिशी. म्हाडाच्या गाळ्यांस १९७६ चा कायदा लागू आहे. त्याच्या कलम ६६ प्रमाणे अटी मोडणाऱ्यास गाळा सोडण्याचा हुकूम देता येतो. परंतु त्याआधी कारणे नमूद करून लेखी नोटीस द्यावी लागते व त्याचे म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते.

तथापि हुकूम झाला म्हणजे काय घडते? दंगा करणारा असतो एक. रस्त्यावर येतात ती विड्या वळून घर चालविणारी त्याची आई, त्याची बायको आणि शाळेत जाणारी मुले. त्यांचा अपराध कोणता?

एकाचा दोष सर्वांच्या माथी मारणे म्हणजे काय, हे सोलापूरला नव्याने सांगावयास नको. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरविल्या. कैकाडी, पारधी इत्यादी जमातींची कुटुंबे याच शहरात तारेच्या कुंपणाआड ठेवली गेली. त्यांची हजेरी घेतली जाई. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. पण त्या भागास लोक आजही ‘सेटलमेंट’ म्हणूनच ओळखतात. कुंपण गेले तरी कलंक लवकर जात नाही, हा त्याचा अर्थ होय.

१३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. भूषण गवई व न्या. के. व्ही. विश्वनाथन यांनी आरोपींची घरे पाडण्यासंबंधी निकाल दिला. तो प्रश्न भाडेकरूंचा नव्हता. पण एकाच्या आरोपासाठी साऱ्या कुटुंबाचे छप्पर काढून घेणे घटनेस मान्य नाही, हे त्यातील तत्त्व आपणासही लागू पडते.

मग उपद्रव निमूटपणे सोसावा काय? नाही. त्या इसमाविरुद्ध तारीख, वेळ व साक्षीदार लिहून पोलिसांत तक्रार द्या. १९५१ च्या पोलीस कायद्यात तडीपारीची तरतूद आहे. ती त्या एका माणसास लागू होते, त्याच्या आईस नव्हे. आणि कलम ५९ प्रमाणे त्यालाही आपले म्हणणे मांडता येते.

आणि नोटीस आपल्याच घरी आली, तर घाबरून घर सोडू नका व ती फाडूनही टाकू नका. दिलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्या, त्याची पोच घ्या आणि वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा.

सही मागणाऱ्यास तीन गोष्टी विचारा : कोणी केले? केव्हा केले? पाहिले कोणी? उत्तरात एका माणसाऐवजी घराचे वा जातीचे नाव आले, तर लेखणी खाली ठेवा.