उंबऱ्यातली वेस

(तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी भाषण करणारा माणूस नाही. दहावी पास, गोदीत कंत्राटी मजूर. रात्रपाळी करून थेट आलोय, डोळे लाल दिसतील. प्यायलेलो नाही. कविता लिहितो हे तुम्हाला ठाऊक आहे. तर आधी कवितेचाच कबुलीजबाब देतो.

दोन वर्षांपूर्वी याच खोलीत मी एक कविता वाचली होती. विकल्या गेलेल्या पुढाऱ्यांवर. त्यात मी त्यांना हिजडे म्हणालो, बायले म्हणालो. टाळ्या पडल्या. तुम्हीच वाजवल्या. मागच्या भिंतीला टेकून माझा धाकटा भाऊ बसला होता. घरी जाताना म्हणाला, "दादा, कविता बेस होती. फक्त एवढं सांग, मी त्या पुढाऱ्यांच्यात कधीपासून?"

मला कळलं नाही. खरं सांगतो, कळून घ्यायचं नव्हतं.

महिन्याभरात घरी फुटलं. भावाला पुरुष आवडतात. त्याच्या मोबाईलमधला एक फोटो शेजारच्या पोरानं पाहिला आणि वस्तीभर केला. (हे सगळं त्याला विचारून बोलतोय.) आमचा बाप, आम्ही त्याला आबा म्हणतो, जुना गोदीकामगार. तीस वर्षं हूक मारून पोती वाहिली, उजव्या खांद्याला घट्टा पडलाय. गावी विहिरीवर त्याच्या बापाला लांब उभं करायचे, हे सांगताना आजही त्याचा आवाज चिरतो. त्याच माणसानं पोराची पिशवी दाराबाहेर ठेवली आणि म्हणाला, "लांब हो."

मी तिथंच उभा होतो. विद्रोहाच्या कविता लिहिणारा मी. माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही.

बोलली ती आई. तिला सही करता येते, बस. चार महिने रोज रात्री भाकरी वाढताना ती एकच विचारायची, "तुमच्या बापाला हिरीवर काय म्हणायचे वो? लांब हो, असंच ना?" भांडली नाही, रडली नाही. ताट पुढं सरकवायची.

एका रविवारी आबानं सदरा चढवला. म्हणाला, "चल, दाव कुठं ऱ्हातो त्यो." भाऊ नालासोपाऱ्याला चौघांत एक खोली घेऊन राहत होता. आबा सतरंजीवर बसला. बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "जेवलास का?" मग विचारलं, "तुला कवापासनं ठावं व्हतं?"

"सातवीपासनं," भाऊ म्हणाला.

आबानं बोटांवर मोजलं. "म्हंजी अकरा वरसं. धा बाय बाराच्या खोलीत आपण समदे. आन् तू एकलाच व्हतास."

बापाला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मित्रांनो, ही माफीची गोष्ट नाही. माफ करण्यासारखं पोरानं काही केलंच नव्हतं. बापानं फक्त हिशेब केला, आणि चूक आपल्या बाजूला निघाली. स्वीकार म्हणतात तो हा. कीव वेगळी. कीव पांढरपेशे आपल्यावर करतात, तिची चव आपल्याला ठाऊक आहे.

आता कुणी म्हणेल, हे बड्या घरच्या इंग्रजी पोरांचे चाळे. आपल्याला पोटाचे प्रश्न कमी आहेत का? तर ऐका. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. जमातीच्या जमाती जन्मानं चोर ठरवल्या. त्याच कायद्याच्या दुसऱ्या भागात हिजड्यांची नोंदवही ठेवायचा हुकूम होता. एकाच कागदावर दोघांना डाग दिला, आणि आपण अजून एकमेकांपासून लांब उभे राहतो!

आणि बाबासाहेब? र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला. गुन्हा काय, तर वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना छापून उत्तरं दिली. १९३४ साली मुंबईच्या हायकोर्टात कर्व्यांच्या बाजूनं उभे राहिले ते वकील बाबासाहेब. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. पण माणसानं स्वतःच्या शरीराबद्दल प्रश्न विचारणं घाण नाही, ही बाजू त्यांनी नव्वद वर्षांपूर्वी घेतली. आपण आज ती घ्यायला लाजतो.

आईबाप बदलतात का? बदलतात, आणि कोर्टातही जातात. ३७७ कलम १८६० च्या दंडसंहितेतलं. २००९ साली दिल्ली हायकोर्टानं त्याची नांगी मोडली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं तेव्हा देशातले १९ पालक पोरांच्या बाजूनं कोर्टात उभे राहिले. त्यात चित्रा पालेकर होत्या. स्मशान राखणाऱ्या जातीतल्या, गावानं बाहेर टाकलेल्या आईचा सिनेमा, 'माती माय', करणाऱ्या. आपली मुलगी समलिंगी आहे हे त्या उघड सांगतात. २०१३ साली कोर्टानं निकाल फिरवला. पालक हटले नाहीत. ६ सप्टेंबर २०१८ ला दोन सज्ञान माणसांचं राजीखुशीचं प्रेम गुन्हा राहिलं नाही. २०२३ साली 'स्वीकार' या पालकांच्या गटातल्या चारशेहून जास्त आईबापांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं: आमच्या पोरांना लग्नाचा हक्क द्या. १७ ऑक्टोबरला कोर्टानं तो दिला नाही.

म्हणजे कायदा अर्ध्यात थांबलाय. आणि कायदा तसाही उंबऱ्याबाहेरच थांबतो. आतली वेस घरच्यांनीच पाडायची असते.

पाठीवर पोतं चढवायला दुसरा माणूस लागतो, उतरवायलाही लागतो. हे गोदीत शिकलो. पोरानं एकट्यानं वाहिलेलं ओझं उतरवायला पहिला हात आईबापाचाच लागतो. पण त्या आईबापाशी आपल्या वस्तीत, आपल्या बोलीत बोलणार कोण?

म्हणून तीन गोष्टी मागतो. एक, आपल्या कवितेतून, घोषणांतून 'हिजडा', 'बायल्या' ही शिवी आजपासून बंद. माझी ती कविता मी फाडली. माझा भाऊ हिजडा नाही. पण हिजडा हाही माणूस आहे, शिवी नाही. दोन, कुणाची पिशवी दाराबाहेर पडली तर आपल्यापैकी एकाची खोली त्या रात्री उघडी पाहिजे. तीन, पोराला समजावण्याआधी त्याच्या बापाला गाठा.

आबा बाहेर चहाच्या टपरीवर उभा आहे. आत यायला लाजतो. भावाचं नाव घेऊन नाक्यावर कुणी हसलं तर तो आता एवढंच म्हणतो, "माजा पोरगा हाय." अजून बरंच त्याला समजत नाही, चुकतो, परत विचारतो. बैठक संपल्यावर त्याच्याशी बोला. ज्याच्या घरात काही अडलंय त्यानं तर बोलाच. चहाचे पैसे त्याला देऊ नका, रागावतो.

जयभीम.