पाणी होतं, पण प्यायलो नाही

आम्ही बचत गटाच्या अकरा जणी. मे महिन्यात बीडहून उज्जैनला जाऊन आलो. गाडी भाड्याची. मागची दोन बाकं काढून तिथे शेगडी, पिठाचा डबा, अंथरुणं ठेवली. आठ दिवस तेच आमचं घर. स्वयंपाक मात्र खाली उतरून झाडाखालीच करायचा, गाडीत नाही, हे आधीच ठरवलं होतं.

पाण्याचे तीन जार भरून घेतले होते. पण पाणी कुणी पिईना. कारण तुम्हालाही ठाऊक आहे. रस्त्यात आडोसा नाही आणि ड्रायव्हरदादांना सारखं 'थांबा' म्हणायची लाज. म्हणून घोटभर पाण्यावर भागवायचं.

चाळीसगाव सोडलं. दुपारी दोनच्या सुमारास आमच्यातल्या काकूंच्या पायात गोळे आले, गरगरायला लागलं. सकाळपासून त्या लघवीलाही गेल्या नव्हत्या. रस्त्याकडेच्या वस्तीवर गाडी थांबवली. तिथल्या बाईंनी काकूंना ओसरीवर निजवलं, पाय उशीवर ठेवले, ओल्या फडक्याने अंग पुसलं. मग आमच्याकडे बघून म्हणाल्या, "मोरी मागे आहे. आधी सगळ्या जाऊन या, मग पोटभर पाणी प्या." आम्ही न सांगता त्यांनी ओळखलं होतं.

काकूंना साखर-मिठाचं पाणी थोडं थोडं पाजलं. प्रमाण लक्षात ठेवा: एक लिटर स्वच्छ पाणी, चहाचे ६ सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. तासाभराने त्या उठून बसल्या. पण उन्हाने माणूस बरळू लागलं किंवा शुद्ध हरपली, तर तोंडात काही घालू नका. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच १०८ ला फोन करा.

दुसऱ्या दिवसापासून आमचा नेम बदलला. पहाटे चारला निघायचं, अकरा ते चार सावलीत थांबायचं. वाटेत दर दोन तासांनी पेट्रोल पंप बघून उतरायचं. तिथलं शौचालय वापरायला पेट्रोल भरावं लागत नाही. पंप नसेल तिथे आडोशाला जुनं लुगडं आणि दोन काठ्या. 'थांबा' म्हणायची पाळी रोज एकीची, म्हणजे कुणाला संकोच नको. खलघाटला नर्मदा आली तेव्हा पाण्यात सगळ्यांच्या आधी काकूच उतरल्या!

यात्रा असो, लग्नाचं वऱ्हाड असो की रोजगार हमीचं काम, पाणी किती न्यायचं हे आपण विचारतोच. बायकांनी जायचं कुठे, हेही निघण्याआधी विचारा. मोठ्याने विचारा.