पैसे एकदाच आहेत: नवी बॉडी घ्यावी की लेन्स?

आजचा भाग जरा खिशाशी संबंधित आहे. फिरायला जाणाऱ्या, फोटो काढणाऱ्या लोकांपैकी कुणी ना कुणी हा प्रश्न विचारतंच: "साठवलेले पैसे आहेत, पण एकच वस्तू घेता येईल. नवीन कॅमेरा बॉडी घेऊ की चांगली लेन्स?"

बहुतेक ठिकाणी याचं उत्तर एका ओळीत मिळतं. "लेन्सच घे, बॉडी काय, जुनी होते." बरोबर आहे, पण अर्धंच. कारण काही जणांना खरंच बॉडीच हवी असते, आणि काही जणांना यातलं काहीच नको असतं. म्हणून आज आपण उत्तराच्या आधी निदान करूया. डॉक्टर आधी विचारतो ना, दुखतंय कुठे? तसंच.

या वेळी एका श्रोत्या मैत्रिणीचा मेसेज आलाय, तोच समोर ठेवतो. ती म्हणते: "माझ्याकडे सहा वर्षांपूर्वीचा २४ मेगापिक्सेलचा डीएसएलआर आहे, सोबत आलेली १८-५५ची किट लेन्स आहे. दीड वर्ष पगारातून बाजूला काढून साठ हजार जमलेत. या आषाढीला आजीबरोबर वारीत चालणार आहे. आजी म्हणते, ही माझी शेवटची वारी, आता गुडघे ऐकत नाहीत. मागच्या वर्षी मी दोन दिवस गेले होते, तर रात्रीच्या कीर्तनाचे आणि भजनाचे सगळे फोटो हलले. दुकानदार म्हणतो कॅमेरा जुना झालाय, मिररलेस घ्या. काय करू?"

बघा, आता यात गंमत नाहीये. वारी पुढच्या वर्षीही होईल, पण आजीची वारी पुढच्या वर्षी असेलच असं नाही. त्यामुळे नीट हिशोब करूया.

पहिली गोष्ट. फोटो "खराब" आला म्हणजे नेमकं काय झालं? तीन वेगवेगळे आजार असतात आणि तिघांचं औषध वेगळं. एक, फोटो हललेला असतो. दोन, फोकस चुकलेला असतो, म्हणजे चेहरा मऊ आणि मागचा तंबूचा खांब एकदम कडक. तीन, फोटोत दाणे दाणे दिसतात, ज्याला आपण नॉइज म्हणतो. स्वतःचे दहा बिघडलेले फोटो उघडा, मोठे करून बघा आणि प्रत्येकाला यातलं एक नाव द्या. हे काम फोनवर होतं. गूगल फोटोजमध्ये किंवा आयफोनच्या फोटोजमध्ये फोटो वर सरकवला की खाली माहिती येते: शटर किती, अ‍ॅपर्चर किती, आयएसओ किती, फोकल लेंथ किती. फक्त एक लक्षात ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवलेल्या फाइलमधून ही माहिती निघून जाते. कार्डमधला मूळ फोटो घ्या, नाहीतर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

आपल्या मैत्रिणीनं पाठवलेल्या फोटोत काय होतं? आयएसओ ३२००, अ‍ॅपर्चर एफ ५.६, लेन्स ५५ वर, आणि शटर १/१५ सेकंद. आता १/१५ सेकंदात टाळ वाजवणारा हात कुठल्या कुठे जातो! बसून बोलणाऱ्या माणसाला साधारण १/१२५ लागतं, चालणाऱ्याला १/२५०, आणि रिंगणात धावणाऱ्या अश्वाला १/१०००च्या आसपास. म्हणजे आजार पहिला: शटर हळू, कारण प्रकाश कमी.

मग प्रकाश वाढवायचे मार्ग बघू. समजा तिनं सगळे पैसे घालून नवी बॉडी घेतली आणि लेन्स तशीच एफ ५.६ वाली राहिली. त्याच आकाराच्या सेन्सरची नवी बॉडी जुन्यापेक्षा कमी प्रकाशात फार तर एक स्टॉप चांगली निघेल, बहुतेकदा तेवढाही फरक पडत नाही. एक स्टॉप म्हणजे दुप्पट. १/१५चं झालं १/३०. फुल फ्रेम घेतला, तर सेन्सरचं क्षेत्रफळ सव्वादोन पटीपेक्षा थोडं जास्त, म्हणजे तिथेही फायदा एका स्टॉपहून जरासाच अधिक. हात अजूनही हललेलाच दिसणार.

आता लेन्स बदलून बघू. ५० मिलिमीटर, एफ १.८. ५.६ला १.८ने भागा आणि आलेल्या आकड्याचा वर्ग करा. साडेनऊ-पावणेदहा येतं. म्हणजे जवळजवळ दहापट प्रकाश! १/१५चं झालं साधारण १/१४०. त्याच जुन्या बॉडीवर, त्याच आयएसओला. आणि प्रत्येक कंपनीची ५० एफ १.८ ही सहसा तिच्या सगळ्यात स्वस्त लेन्सपैकी एक असते. डीएसएलआरसाठी दहा ते वीस हजारांच्या घरात मिळून जाते.

इथे दुकानात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "नव्या बॉडीत स्टॅबिलायझेशन आहे, हलणारच नाही." कसंय, स्टॅबिलायझेशन तुमचा हात सावरतं. समोर फुगडी घालणारी बाई ते थांबवू शकत नाही. देऊळ, दीपमाळ, डोंगर, म्हणजे जे जागचं हलत नाही, त्याला ते फार उपयोगी. माणसं हलत असतील तर शटरच वाढवावं लागतं, दुसरा इलाज नाही. फोनच्या नाइट मोडचंही तेच. फोन बऱ्याच फ्रेम काढून एकावर एक बसवतो. स्थिर गोष्ट सुंदर येते, हलणारा माणूस मात्र पुसट होतो.

मग लेन्स घेतली की सगळं छान? नाही, थांबा. एफ १.८ला फोकसची पट्टी फार अरुंद होते. तिच्यासारख्या एपीएस-सी सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५० ची लेन्स लावून दोन मीटरवरून फोटो काढला, तर पुढून मागे मिळून दहा-अकरा सेंटिमीटरच स्पष्ट असतं. आजीचा डोळा स्पष्ट, मागच्या आत्याचा चेहरा मऊ. त्यासाठी फोकसचा एकच पॉइंट निवडा, तो डोळ्यावर ठेवा, एकाच्या जागी चार फोटो काढा. आणि सगळा घोळका हवा असेल तर एफ २.८ किंवा ४ला जा, थोडा आयएसओ वाढवा. दाणे चालतात हो! दाणेदार फोटो अल्बममध्ये टिकतो, हललेला टिकत नाही.

एक फुकटचा उपायही सांगतो, कारण त्याला साठ हजार लागत नाहीत. किट लेन्स ५५ वर एफ ५.६ असते, पण १८ वर ती ३.५ला उघडते. म्हणजे लांबून झूम करण्याऐवजी १८ वर ठेवून चार पावलं जवळ गेलात, तर अडीचपट प्रकाश तसाच मिळतो. वारीत तर जवळ जाणं सोपं. "माउली, एक फोटो काढू का?" म्हणायचं. नाही म्हणाले तर नमस्कार करून पुढे जायचं.

आता दुसरी बाजू. बॉडी कधी घ्यावी? चार प्रसंगांत मी डोळे झाकून सांगेन की बॉडीच घ्या.

पहिला, आजार नंबर दोन असेल तर. म्हणजे शटर भरपूर आहे, प्रकाश आहे, आणि तरी उडणारा पक्षी, पळणारं पोरगं सतत फोकसच्या बाहेर. डोळा ओळखून त्याला धरून ठेवणारा नव्या मिररलेसचा फोकस खरोखर वेगळ्या दर्जाचा आहे. ठाण्याच्या खाडीत रोहित पक्ष्यांच्या थव्यामागे लागलेल्या माणसाला हा फरक पहिल्याच सकाळी कळतो. दुसरा, तुम्हाला व्हिडिओ करायचाय आणि जुन्या बॉडीत चांगला ४के नाही, व्हिडिओत फोकस मागे-पुढे करत बसतो. तिसरा, बॉडीच आजारी आहे: शटर अडकतं, कार्डची खाच सैल झालीये, बॅटरी मिळत नाही. चौथा, तुमच्या माउंटला पुढे रस्ता नाही.

हा माउंटचा मुद्दा जरा समजून घ्या. "लेन्स जन्मभर टिकते" असं आपण म्हणतो. निकॉनचा एफ माउंट १९५९चा, कॅननचा ईएफ १९८७चा. मग २०१८मध्ये दोघांनीही मिररलेससाठी नवे माउंट आणले, निकॉनचा झेड आणि कॅननचा आरएफ. जुन्या ईएफ लेन्स अ‍ॅडॉप्टर लावून आरएफ बॉडीवर छान चालतात. पण कॅननचाच ईएफ-एम माउंट होता, त्याच्या लेन्स आरएफवर बसवता येत नाहीत. आणि निकॉनच्या डी३५००, डी५६०० अशा बॉडीत फोकसची मोटर नसते. त्यामुळे जुनी एएफ-डी लेन्स स्वस्त मिळाली म्हणून घेतलीत, तर फोकस हातानं फिरवत बसावा लागेल. तिथे एएफ-एस किंवा एएफ-पी असं लिहिलेलीच घ्या. म्हणजे लेन्स घेतानाही "दोन-चार वर्षांनी मी कुठल्या बॉडीवर जाणार?" हा प्रश्न विचारायचाच.

आणि मेगापिक्सेल? २४ वरून ३३ वर गेलात तर फोटोची रुंदी फक्त १७ टक्क्यांनी वाढते. २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० गुणिले ४००० ठिपके. इंचाला ३०० ठिपके या हिशोबानं २० बाय १३ इंचाची प्रिंट होते. भिंतीवर लावायला पुरे की!

बरं, लेन्स म्हणजे कुठली? इथे तुमच्या खिशातला फोन लक्षात घ्या. फोनचा मुख्य कॅमेरा रुंद दृश्याला चांगलाच असतो. कोकणकड्यावर उभं राहून समोरचं सगळं दिवसाउजेडी घ्यायचंय? फोन पुरेल. म्हणून पहिली लेन्स अशी घ्या जी फोनला जमत नाही ते करेल: कमी प्रकाशातली हलती माणसं, किंवा लांबचं. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे आणि आत अंधार, तिथे एफ १.८ कामाला येते. ताडोब्याला निघालात तर ७०-३०० सारखी लांब लेन्स हवी, तिथे ५० घेऊन वाघ म्हणजे मुंगी. कासच्या पठारावरच्या इवल्याशा फुलांना मॅक्रो.

३५ घ्यावी की ५०, ही शंका असेल तर घरीच परीक्षा घ्या. किट लेन्स ३५ वर ठेवा, झूमच्या कड्यावर चिकटपट्टी लावा आणि एक अख्खा दिवस तशीच वापरा. दुसऱ्या दिवशी ५० वर. कुठल्या दिवशी जास्त चिडचिड झाली ते बघा, उत्तर मिळालं. शक्य असेल तर एक दिवस भाड्यानंही आणून बघा. मुंबई-पुण्यात लेन्स भाड्यानं मिळतात, ओळखपत्र आणि डिपॉझिट लागतं.

तर मैत्रिणी, तुझ्यासाठी माझं उत्तर. बॉडी घेऊ नकोस. ३५ किंवा ५० एफ १.८ घे, परीक्षा सांगेल ती. दिंडीच्या गर्दीत मागे सरकायला जागा नसते, म्हणून माझा कल ३५ कडे. चांदोबाच्या लिंबाजवळचं उभं रिंगण लांबून टिपायचं असेल तर ५५-२५० किंवा तशी साधी झूम, सेकंडहँड चालेल. घेताना लेन्समधून मोबाइलचा टॉर्च मारून बघ, आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, तिथूनच परत फिर. दोन जादा बॅटऱ्या घे, मुक्कामावर चार्जिंगला रांग असते. कॅमेऱ्यालाही इरलं हवं: जाड प्लास्टिकची पिशवी आणि रबरबँड. दिवे घाटात लेन्स बदलू नकोस, आणि बदलायचीच वेळ आली तर बॉडीचं तोंड खाली धर, धूळ आत जात नाही. घरी आल्यावर सगळं कोरडं करून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेव.

एवढं करूनही साठातले निम्मे-शिम्मे पैसे उरतील. त्यातले थोडे प्रिंटसाठी ठेव. आजी इन्स्टाग्रामवर नाही. तिला मांडीवर घेऊन शेजारणीला दाखवता येईल असा अल्बम हवा. बाकीचे बँकेत राहू देत. ज्या दिवशी तुझे बिघडलेले फोटो सांगतील की आता आजार बॉडीचा आहे, त्या दिवशी ते बाहेर काढ.

आणि वारीला निघायच्या आधी ती लेन्स महिनाभर घरात वापर. रात्री, स्वयंपाकघरातल्या एका दिव्यात, आजी भाकरी थापताना. तिलाही कॅमेऱ्याची सवय होईल, तुलाही फोकसची.

बाकी मंडळींना गृहपाठ: आपले दहा बिघडलेले फोटो उघडा आणि तीन आजारांपैकी कुठला सगळ्यात जास्त वेळा दिसतो ते मोजा. आकडा मला कळवा. दुकानात त्यानंतरच जा. पुढच्या भागात जुना कॅमेरा विकत घेताना काय काय तपासायचं ते बोलू. तोवर काळजी घ्या, फिरत राहा. राम कृष्ण हरी!