जुन्या घरातील तलवार : ओळख आणि जतन
(हिवरे बाजार येथील ज्ञातिसंमेलनात एका सेवानिवृत्त शिक्षकाने दिलेले व्याख्यान)



संमेलनाच्या चालकांनी मला दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मी संशोधक नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून मुलांना पाढे आणि शुद्धलेखन शिकविण्यात माझे आयुष्य गेले. तरीपण आजचा विषय विद्वानांपेक्षा घरधन्यांच्या हातातला अधिक आहे. जुने घर उतरविताना एखादी तलवार सापडली, तर ती ओळखावी कशी आणि तिचे करावे काय, हा तो विषय होय.

आपल्या हिवरे बाजारात 1990 नंतर पाणलोटाची कामे झाली, विहिरींना पाणी आले आणि पोटासाठी बाहेर गेलेली कुटुंबे परतली. हाती चार पैसे आले म्हणजे माणूस प्रथम घर बांधतो. माळवदाची जुनी घरे उतरली, पक्की घरे उभी राहिली. हे इष्टच झाले. आज भोवतालच्या गावांतही हेच चालले आहे. परंतु माळवदाच्या मातीबरोबर पुष्कळदा घराची स्मृतीही उकिरड्यावर जाते, आणि सापडलेले हत्यार भंगारवाल्याच्या तराजूत पडते.

ही हत्यारे आपल्या मुलखात आली कोठून? पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्याची भूमी शतकानुशतके फौजांच्या वाटेवर होती. 1490 मध्ये येथे निजामशाही उभी राहिली. 1595-96 मध्ये चांदबिबीने मोगलांविरुद्ध नगरचा किल्ला लढविला. मार्च 1795 मध्ये खर्ड्यास मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. ऑगस्ट 1803 मध्ये वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला. पेशवाई 1818 मध्ये बुडाली आणि शिलेदारांची रोजी गेली. पुढे 1878 च्या शस्त्रकायद्याने परवान्याशिवाय हत्यार बाळगून फिरणे गुन्हा ठरले. अशा काळात ज्याला जेथे सुचले तेथे त्याने हत्यार ठेवले. यास्तव घर पाडताना तुळयांवरची जागा, माळवदाचे थर, बळदाचा तळ आणि बुजविलेले कोनाडे जपून उकलावेत. पहारीचा घाव एकदम घालू नये.

आता ओळखीकडे वळू. पाते वाकडे, मुठीच्या शेवटी थाळीसारखी चकती, ती नेहमीची तलवार. पाते लांब व सरळ, मुठीवर हात झाकणारी परज आणि मुठीच्या टोकाला पुढे आलेला दांडा, ती फिरंग किंवा धोप. कोपरापर्यंत हात झाकणारे लोखंडी आवरण आणि त्याला जडविलेले लांब लवचीक पाते, तो पट्टा. टोकाकडे रुंद होत जाणारे सरळ पाते, तो खांडा. पात्यावर विलायती कारखान्याचे नाव किंवा मुठीवर पलटणीचा आकडा आढळला, तर ते इंग्रजी अमदानीतील लष्करी हत्यार असण्याचा संभव मोठा.

अस्सल पाते मुठीपाशी जाड असते आणि टोकाकडे क्रमाने पातळ होत जाते. बाजारात मिळणारी शोभेची तलवार पत्र्यातून कापलेली, सर्वत्र एकाच जाडीची असते. वजनाविषयीही गैरसमज फार. लढाईतील तलवार साधारण एक किलोच्या आसपास भरते. मणभर तलवारीच्या कथा कथाच समजाव्या. जेजुरीचा सुमारे 42 किलोंचा खांडा देवाला वाहिलेला आहे. दसऱ्याला तो उचलून दाखविण्यात भक्ताचे सामर्थ्य दिसते, पण तो रणांगणासाठी नव्हे.

पात्यावर युरोपी शिक्का दिसला म्हणून लगेच निर्णय करू नये. जर्मनी, इटली व स्पेन येथील पाती येथे येत आणि त्यांना आपल्याकडची मूठ बसविली जाई; परंतु त्या शिक्क्यांची नक्कलही आपले कारागीर करीत. अक्षरे असल्यास प्रथम छायाचित्र घ्यावे. शकाचा आकडा असेल तर त्यात 78 मिळवावे. शके 1680 म्हणजे साधारण इसवी सन 1758.

अक्षरांचे मोल किती, याचे उदाहरण ताजे आहे. नागपूरकर रघूजी भोसले यांची फिरंग महाराष्ट्र शासनाने एप्रिल 2025 मध्ये लंडनच्या लिलावात सुमारे 47 लक्ष रुपयांस घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईस आली. पाते युरोपी, मूठ येथील, आणि पात्याच्या पाठीवर सोन्याने उमटविलेले त्यांचे देवनागरी नाव. कोणी ते पाते घासूनपुसून लख्ख केले असते, तर आज ते कोणाचे हे कोण सांगू शकले असते?

म्हणून भगिनींनो, आपणांस विशेष विनंती. खंडेनवमीला वा दसऱ्याला पूजा अवश्य करा. पण तलवारीला चिंच, पॉलिशकागद वा रुपेरी रंग लावू नका. माती कोरड्या मऊ फडक्याने झाडून तेलाचा पातळ हात द्यावा, तोही सोन्यारुप्याचे काम सोडून. विस्तवाजवळ नेऊ नये, कारण पाते मुठीत लाखेने किंवा राळेने बसविलेले असते व उष्णतेने सुटते. धार तर मुळीच लावू नये.

कायद्याचे भानही हवे. जमिनीत वा तिला जोडलेल्या बांधकामात दडलेली मौल्यवान वस्तू 1878 च्या निखात निधी कायद्याखाली येते व तिची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांस द्यावी लागते. मोठ्या पात्याची शस्त्रे 1959 च्या शस्त्र अधिनियमात येतात, आणि शंभर वर्षांवरील पुराणवस्तू खाजगीरीत्या परदेशी पाठविण्यास 1972 च्या कायद्याने मनाई आहे. यास्तव लपवालपवी न करता पोलीसपाटलांस कळवावे, पंचनामा करून घ्यावा, आणि नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयातील किंवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातील जाणत्यांचा सल्ला घ्यावा.

शेवटी एक गोष्ट, थोडी कडू वाटली तरी सांगतो. घरात तलवार निघाली की आपण सरदारांचे वंशज झालो, असे स्मरणिकेत छापण्याची घाई होते. तलवार वतनाने आलेली असेल, लुटीतली असेल, कर्जापोटी गहाण पडलेली असेल, किंवा धार लावण्यास आलेली शिकलगाराच्या घरी राहिली असेल. कागदाचा आधार नसताना तिला मोठे नाव चिकटविणे म्हणजे पूर्वजांच्या तोंडी खोटे घालणे होय. सामान्य शिलेदाराची, सामान्य कारागिराची तलवारही आपणांस भूषणावहच आहे.

म्हणून माझी सूचना अशी : संघाने एक वही ठेवावी. हत्यार कोणत्या गावी, कोणत्या भिंतीत, कोणत्या दिवशी, कोणासमक्ष सापडले; लांबी किती, अक्षरे कोणती, सोबत कोणते कागद होते, आणि घरातील वडीलधारी माणसे काय सांगतात, एवढे तीत लिहावे. ऐकीव ते ऐकीव म्हणून आणि पाहिलेले ते पाहिलेले म्हणून, वेगवेगळ्या रकान्यांत लिहावे. लोखंडाला गंज चढतो, वडीलधारी माणसे निघून जातात. लिहिलेले मात्र नातवंडांच्या हाती पडते. हे कार्य तरुणांनी अंगावर घ्यावे, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.