आहार, आनुवंशिकता आणि आपले उत्तरदायित्व

(वार्षिक सभेतील भाषणाचा मजकूर)



परळ-लालबागमधून आमच्याकडे येणारे रुग्ण वारंवार म्हणतात, "डॉक्टर, साखर आमच्या घराण्यातच आहे." त्यात तथ्य आहे, परंतु ते पूर्ण सत्य नव्हे. आईवडिलांकडून आलेली जनुके बदलत नसली, तरी त्यांपैकी कोणते किती कार्यरत राहील, यावर आहाराचा प्रभाव पडतो. फोलेट आणि बी-१२ ही जीवनसत्त्वे या नियमनास साह्यभूत होतात. आणि त्याचा आरंभ गर्भावस्थेतच होतो.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालके इंग्लंडमधील बालकांहून वजनाने कमी, पण त्या मानाने चरबी अधिक असलेली आढळली. गरोदरपणी ज्या मातांच्या रक्तात बी-१२ कमी व फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा रोध सर्वाधिक होता.

मुंबईच्या झोपडवस्त्यांत २००६ साली सुरू झालेल्या 'सरस' प्रकल्पात स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून पालेभाजी, फळे व दूध घातलेला खाऊ रोज देण्यात आला. तपासणी झालेल्या स्त्रियांपैकी हा खाऊ घेणाऱ्यांत गरोदरपणातील मधुमेह ७.३ टक्के आढळला. बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा खाऊ घेणाऱ्यांत तो १२.४ टक्के होता.

नीतीचा प्रश्न येथेच उभा राहतो. बाळ अशक्त जन्मले की सुनेकडे बोट दाखविले जाते. परंतु तिच्या पानात काय पडावे, हे तिने एकटीने कधी ठरविले? बी-१२ मिळते ते दूध, अंडी, मासळी यांतून. आणि अनेक घरांत सर्वांची जेवणे झाल्यावर तिच्या वाट्याला उरलेलेच येते. गिरणगावातील खाणावळवाल्या स्त्रियांनी असंख्य कामगारांना जेवू घातले. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये 'अन्नपूर्णा महिला मंडळ' स्थापून त्यांना संघटित केले. वाढणारीच्या पानाची चिंता मात्र आजही थोड्यांनाच वाटते.

म्हणून या ज्ञानाचा उपयोग आईला दोष देण्यासाठी होऊ नये, अशी आमची नम्र विनंती आहे. आप्तजनांनी घरच्या मुलीसुनांना आपल्याबरोबर जेवावयास बसवावे. देणगीदारांनी औषधांइतकेच पोषणालाही साह्य द्यावे. आनुवंशिकता आपल्या हाती नाही. पुढच्या पिढीसाठी वाढावयाचे पान मात्र आपल्याच हाती आहे.